इतिहासकाराचा व्यासंग : बी. एन. गोस्वामी आणि पहाडी चित्रकारांचे चरित्र

इतिहासकाराच्या अभ्यासविषयाची नोंद त्याच्या ग्रंथसूचीत होते. त्याच्या आवडीनिवडींची नोंद सहसा कोठेच होत नाही. काव्य, संगीत, चरित्रे आणि चित्रे ही विद्वानाच्या फुरसतीची विरंगुळ्याची साधने होत, संशोधनाशी त्यांचा संबंध नाही, असा एक समज विद्यापीठीय जगात रूढ आहे. हा समज कितपत टिकतो, याची कसोटी पाहण्यासाठी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील कलेतिहासकार ब्रिजिंदर नाथ गोस्वामी (१९३३–२०२३) यांच्या कार्याइतके उद्‌बोधक उदाहरण क्वचितच सापडेल.

गोस्वामींचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या सरगोधा येथील. १९५६ साली त्यांनी भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला आणि दोनच वर्षांत ती सोडून ते संशोधनाकडे वळले. इतिहासकार हरी राम गुप्ता यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कांगडा खोऱ्यातील चित्रकलेच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहिला. ज्या नगरात हे कार्य उभे राहिले, ते नगरही फाळणीतून जन्मलेले. १८८२ साली लाहोरात स्थापन झालेल्या विद्यापीठाला येथे नव्याने मुळे धरावी लागली. लाहोर संग्रहालयातील वस्तूंचीही १९४८ साली वाटणी झाली. भारताच्या वाट्याला सुमारे ४० टक्के संग्रह आला आणि अनेक ठिकाणी फिरून अखेर १९६८ साली ल कार्बुझिए यांनी आखलेल्या चंदीगडच्या संग्रहालयात तो स्थिरावला. गंधार शिल्पांबरोबर पहाडी चित्रेही त्यात होती. मूळ स्थानापासून तुटलेल्या वस्तूंना त्यांची माणसे पुन्हा मिळवून देणे, हे कार्य या नगरात केवळ शास्त्रीय कुतूहलाचे राहणे शक्य नव्हते.

भारतीय कलावंत अनामिक असतो, हे विधान बराच काळ सिद्धान्तासारखे उच्चारले गेले. पहाडी चित्रांचे वर्गीकरणही त्यामुळे राज्यांच्या नावांनी होई : बसोहली, गुलेर, कांगडा, चंबा. चित्रकार मात्र राजांच्या सीमा पाळत नव्हते. १९६८ साली मुंबईच्या ‘मार्ग’ या नियतकालिकात गोस्वामींनी मांडले की, शैलीचा आधार राज्य नसून कुटुंब आहे. या मांडणीचा पुरावा त्यांनी शोधला तो हरिद्वारसारख्या क्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांत. यात्रेला किंवा अस्थिविसर्जनाला येणारा यजमान आपले गाव, जात, पिता, पितामह आणि पुत्र यांची नावे तेथे नोंदवितो, आणि साक्षर असल्यास स्वतःच्या हस्ताक्षरात नोंदवितो. पिढ्यानपिढ्या साठलेल्या या नोंदी म्हणजे सामान्य माणसांचा दप्तरखानाच होय. त्यांतून पंडित सेऊ, त्यांचे पुत्र माणकू व नैनसुख आणि त्यांची मुले-नातवंडे यांची वंशावळ हाती आली. हे घराणे सुतारांच्या जातीचे. नैनसुखाची १७६३ सालची टाकरी लिपीतील नोंद तर त्याने काढलेल्या रेखाचित्रासह मिळाली.

येथे चरित्राची आवड संशोधनाची पद्धती बनते. नैनसुखाचा आश्रयदाता बलवंतसिंह पूर्वी जम्मूच्या राजघराण्यातील मानला जाई. तो जसरोट्याचा होता, हे पुढे निश्चित झाले. त्याच्या चित्रांत दरबारी थाटाइतकाच दैनंदिन जीवनाचा अंश आढळतो : गाणे ऐकणारा, चित्र न्याहाळणारा, दाढी कोरून घेणारा, तंबूत लिहीत बसलेला पुरुष. बखरीत ज्याला ओळभरही जागा मिळाली नसती, अशा लहान संस्थानिकाचे इतके जवळचे दर्शन चित्रकाराने घडविले. १७६३ मध्येच बलवंतसिंहाचा मृत्यू झाला आणि नैनसुख पुढे बसोहलीस गेला. दोन सामान्य आयुष्यांच्या सहवासाचा हा आलेख गोस्वामींनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या नैनसुखावरील ग्रंथात रेखाटला. माणकूवरील ग्रंथ त्यानंतर २० वर्षांनी आला.

साहित्य आणि संगीत यांचेही असेच. पहाडी रागमालांना क्षेमकर्णाच्या १५७० सालच्या ग्रंथाचा आधार आहे. त्यात राग, रागिणी आणि रागपुत्र असे कुटुंब कल्पिलेले असून रागांचा संबंध पशुपक्ष्यांच्या व घरगुती कामांच्या ध्वनींशी जोडला आहे. हे ठाऊक नसेल तर त्या चित्रांतील प्राणी आणि घुसळण करणाऱ्या स्त्रिया निव्वळ अलंकरण ठरतात. १९८६ साली पॅरिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या प्रदर्शनांत गोस्वामींनी कलाकृतींची मांडणी कालक्रमाऐवजी नऊ रसांच्या क्रमाने केली. पाहणाऱ्याची रसिकता हीही ऐतिहासिक सामग्री आहे, हा त्यामागील आग्रह होता. ‘द ट्रिब्यून’ या दैनिकातील त्यांच्या स्तंभाने हीच दृष्टी सामान्य वाचकापर्यंत नेली.

या पद्धतीवर आक्षेप घेता येतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. वही चित्रकाराचे नाव सांगते. अमुक चित्र त्याचेच, हे ती सांगत नाही. नाव आणि चित्र यांचा सांधा बहुतेक वेळा अभ्यासकाची नजरच जुळविते, आणि नजर चुकू शकते. रसाच्या निकषाने चित्रे लावली की त्यांचा काळ मागे पडण्याचाही धोका असतो. तथापि वही आणि नजर परस्परांना तपासत राहिल्या, हे गोस्वामींच्या कार्याचे बळ होय. केवळ कागदाने वंशावळ मिळाली असती, केवळ रसिकतेने आस्वाद. चरित्र या दोहोंच्या संयोगाने मिळाले.

मराठी इतिहासलेखनाला यातून विचारण्याजोगा प्रश्न उरतो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करून कागदाची प्रतिष्ठा प्रस्थापित केली. परंतु त्या कागदांतून प्रामुख्याने मोहिमा, तह आणि वतने यांचा इतिहास लिहिला गेला. नाना फडणवीसांच्या मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे पाहणाऱ्यास विषय सांगितला जातो, चित्रकार नव्हे. पुण्यातील ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची लेणी रेखाटणारा गंगाराम तांबट नावानिशी ठाऊक आहे, तो मुख्यतः इंग्रजांच्या संग्रहामुळे. गुलेरचा सुतार आणि पुण्याचा तांबट एकाच शतकातील कारागीर. एकाचे चरित्र लिहिले गेले, दुसरा बहुतांशी नावापुरता उरला. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडेही यजमानांच्या नोंदींच्या वह्या आहेत. त्या चाळणाऱ्याला मोडी लिपी यावी लागेल, हे उघडच आहे. पण कोणाचे नाव शोधायचे हे कळण्यासाठी त्याने आधी भिंतीवरच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले असले पाहिजे.