पेट्रोलचा डबा

घासलेटाचा रिकामा डबा ज्याच्या कोपऱ्यांत नाहीं असें जुनें घर वऱ्हाडांत सांपडणें कठीण. कोठें त्यांत ज्वारी भरलेली, कोठें न्हाणीचें पाणी तापत ठेवलेलें, तर कोठें तळाला भोकें पाडून अंगणांत तुळस लावलेली. अमरावती-अकोल्याकडे आपण त्यास पिपा म्हणतों. हा डबा आपल्या घरीं कसा आला, व त्याच्या पाठोपाठ दिसण्यांत अगदीं तसाच, परंतु स्वभावानें सर्वस्वीं निराळा असा दुसरा डबा कसा शिरला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

पूर्वीं आपल्या समया व पणत्या करडी, जवस, एरंडी यांच्या तेलावर जळत. १८५९ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हानियांत ड्रेक यानें विहीर खोदून खनिज तेल काढलें, आणि पुढल्या दोन पिढ्यांत तें जगाच्या खेड्याखेड्यांत पोहोंचलें. वऱ्हाडांतून नागपुरास जाणारी आगगाडी १८६७ पासून धावूं लागली होती. कापूस घेऊन ती मुंबईस जाई व परततांना जो माल आणी, त्यांत पुढें हें तेलहि येऊं लागलें. चार गॅलनचा चौकोनी टिनाचा डबा, असे दोन डबे एका लांकडी खोक्यांत, ही त्याची ठरलेली बांधणी. ‘रॉक ऑइल’चें राकेल झालें, ‘गॅसलाइट’चें घासलेट झालें. त्या काळीं हें तेल गाळतांना जो हलका, चटकन् उडून जाणारा भाग निघे, त्यास फारसें गिऱ्हाईक नसे. कारखानदारांना तो एक उपद्रवच वाटे. मोटार आली आणि त्या टाकाऊ भागाचें पेट्रोल झालें.

रस्त्यावर पंप उभे राहण्यापूर्वीं पेट्रोलहि डब्यांतूनच मिळे. येथेंच घोटाळ्यास आरंभ झाला. डबा ओळखीचा होता, म्हणून आंतील पदार्थहि ओळखीचाच असावा, असें घरच्या माणसांनीं धरून चाललें तर त्यांत त्यांचा दोष काय? घासलेटाच्या वातीस काडी लावावी तेव्हां ती पेटते. पेट्रोलची वाफ मात्र शून्याखालीं ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासहि पेट घेण्याजोगी असते, आणि ती हवेपेक्षां तिपटीहून जड असल्यामुळें वर न जातां जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत किंवा देवघरांतील निरांजनापर्यंत जाऊन पोहोंचते. डबा एका खोलींत आणि भडका दुसऱ्या खोलींत, असें होतें तें यामुळें. आणि चुकून तें कंदिलांत किंवा स्टोव्हमध्यें ओतलें गेलें, तर काय होतें तें सांगावयास नको.

हा भेद कायद्यानें ओळखला होता. १९३४ सालच्या पेट्रोलियम कायद्यानें फॅरनहाइटच्या ७६ अंशांखालीं ज्याची वाफ पेटते तें ‘धोक्याचें’ पेट्रोलियम ठरविलें. विलायतेंत ही रेघ ७३ अंशांवर होती; येथें ती तीन अंश वर होती. तीन अंश! वैशाखांत अकोल्यास मध्यरात्रींहि पारा ७६ च्या खालीं उतरत नाहीं, आणि दुपारीं तो ११० च्या पुढें जातो. शिवाय वऱ्हाड १९०३ सालीं मध्यप्रांतास जोडलें गेलें तरी नांवानें तें निजामाचेंच राहिलें होतें. त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथें आपोआप लागू होत नसत, निराळा हुकूम काढून ते लावावे लागत. त्या कायद्याची घरगुती साठ्याबद्दलची मर्यादा आजच्या मापांत अशी: विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवतां येतें, परंतु तें घट्ट बुचाच्या भांड्यांत असावें, कांचेचें किंवा चिनी मातीचें भांडें एका लिटरहून मोठें नसावें, व धातूचें २५ लिटरहून मोठें नसावें.

साठविण्याची खरी हांव मात्र लढाईनें लावली. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. १९४२ च्या मार्चमध्यें रंगून पडलें. सीरियमचा तेल गाळण्याचा कारखाना व येनांजावच्या विहिरी इंग्रजांनीं माघार घेतांना स्वतःच्या हातांनीं उद्ध्वस्त केल्या, आणि ब्रह्मदेशाचें तेल आपल्याला पारखें झालें. प्रवासी मोटारींच्या पाठीस कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. ज्यांच्या दारीं मोटार होती ते कूपनावर मिळालेलें पेट्रोल थेंबाथेंबानें मागें टाकूं लागले.

आमच्या आजोळीं अकोल्यास असाच एक डबा होता. आजोबा वकील; १९४३ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं सुनावणीस पायीं जाऊन पेट्रोल वांचविलें, कारण श्रावणांत मावशीचें बाळंतपण होतें. डबा माळ्यावर, टिनाच्या छपराखालीं, कोणाचा हात लागणार नाहीं अशा जागीं ठेवला. श्रावणांतल्या मुसळधार पावसाच्या रात्रीं तो उतरविला, मोटारींत ओतला. हँडल मारून मारून दोघांचे हात भरून आले, पण मोटार जागची हलली नाहीं. अखेर शेजाऱ्यांची दमणी जुंपली. मावशी सुखरूप राहिली; मूल मात्र वाचलें नाहीं. मोटार चालली असती तर तें वाचलें असतें कीं काय, हें कोणालाच सांगतां येणार नाहीं. आजोबांनीं मात्र ज्याच्याकडून पेट्रोल घेतलें होतें त्यानें भेसळ केली असें धरून त्याच्याशीं बोलणें कायमचें सोडलें.

मला आज वाटतें, तो मनुष्य बहुधा निर्दोष होता. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे; हलक्या-जड अनेक तेलांचें तें मिश्रण आहे. यंत्र थंड असतांना पहिली ठिणगी जी वाफ पकडते ती त्यांतील सर्वांत हलक्या भागाची, आणि बूच किंचित् सैल असेल तर उन्हाळ्यांत तोच भाग आधीं उडून जातो. डबा पूर्ण भरलेला नसेल तर आंतील हवेच्या योगानें उरलेल्या पेट्रोलचा हळूहळू डिंक बनूं लागतो व तो कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. पावसाळी दमट हवेनें पाणी सुटतें. तें जड म्हणून तळाशीं जातें, आणि डबा उपडा करतांच मोटारींत पोहोंचतें. माळ्यासारखी वाईट जागा दुसरी नव्हती. घराबाहेरची, सावलींतली, वारा खेळता असलेली पडवी, काठोकाठ नव्हे परंतु बरासचा भरलेला धातूचा डबा, घट्ट बूच, आणि वर तारीख, एवढ्यानें त्याचें आयुष्य कांहीं महिन्यांनीं वाढलें असतें, वर्षांनीं नव्हे.

हें सारें जुनें झालें असें म्हणावें, तर वरूड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागांत व कपाशीच्या शेतांत आज फवारणीचे पेट्रोलवर चालणारे पंप आहेत, व त्यांचें पेट्रोल पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून घरीं येतें. कायद्यानें नांव घेतलेल्या कांच, चिनी माती व धातु यांत ती बाटली बसत नाहीं. शिवाय २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल आलें आहे. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ती प्रमाणाबाहेर गेली कीं पाण्यासह वेगळें होऊन तळाशीं बसतें. हंगाम संपल्यावर पंपाच्या टांकींत तसेंच राहिलेलें पेट्रोल पुढल्या आषाढांत दगा देतें, आणि शेतकरी पंपवाल्यास शिव्या देतो.

आजोळचा तो डबा पुढें पुष्कळ वर्षें होता. बाकीच्या पिप्यांत आजी धान्य भरी. यास मात्र तिनें कधीं घरांत घेतलें नाहीं. गोठ्याच्या भिंतीशीं तो उपडा पडलेला असे, आणि त्यावर बसून गडी विडी ओढूं लागला कीं ती आंतून ओरडे.