लिपी काय लिहीत नाही

पाण्याचा जग आणि आपण राहतो ते जग, दोन्ही आपण एकसारखेच लिहितो; उच्चार मात्र निराळे. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चेही तेच. मराठी घरात वाढलेले मूल वाचताना इथे अडत नाही, कारण उरलेले काम त्याचे कान करतात. ‘देवनागरीत बोलतो तसेच लिहितो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी एवढे उदाहरण जवळ बाळगावे. लिप्यांच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना माझी एकच विनंती आहे: समोरच्या लिपीने वाचणाऱ्यावर काय सोपवले आहे, हे आधी विचारा.

अरबी छापील मजकुरात ऱ्हस्व स्वर बहुधा गाळलेले असतात. क-त-ब ही तीन व्यंजने ‘त्याने लिहिले’, ‘लिहिले गेले’ किंवा ‘पुस्तके’ यांपैकी काहीही असू शकतात. वाक्य पाहून ठरवायचे. मोडीत कारकून आधी आडवी रेघ ओढून घेई आणि तिला अक्षरे लटकवीत जाई. शब्द कुठे तुटतो याची खूण नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. पत्राचे मायने आणि संक्षेप तोंडपाठ असलेल्यासाठीच ते लिहिलेले असे. आज पुण्याच्या पेशवे दप्तरात नवखा माणूस चाचपडतो तो अक्षरांपेक्षा या गृहीतांपाशी.

याच्या दुसऱ्या टोकाला कोरियाची हंगुल. राजा सेजोंगने 1443 मध्ये ती सिद्ध केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. तिच्या ‘न’मध्ये जिभेचे टोक वर टेकलेले दिसते, ‘क’मध्ये जिभेचे मूळ घसा अडवताना दिसते, त्याच ‘क’ला एक रेघ वाढवली की ‘ख’. आपल्या वर्णमालेलाही हे नाते ठाऊक आहे, म्हणून तर क आणि ख शेजारी बसतात. पण ते ज्ञान क्रमात राहिले, आकारात उतरले नाही. माझ्या मते मानवी बुद्धीच्या थोड्याच निर्मिती इतक्या नेटक्या आहेत.

विसरलेली लिपी वाचायची, तर हरवलेला वाचकच उभा करावा लागतो. ख्रिस्तियन लासेन यांनी अगाथोक्लीस या यवन राजाच्या नाण्यावरून काही ब्राह्मी अक्षरे लावली होती. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्यापुढे सांचीच्या कठड्यांवरच्या लेखांचे ठसे होते. लेख अगदी तोकडे, आणि बरेचसे त्याच दोन अक्षरांनी संपणारे. देवस्थानाच्या दगडावर माणसे काय कोरून ठेवतात? आपले नाव आणि दिलेले दान. ‘दानं’ धरले, तसे द आणि न हाती आले आणि अशोकाच्या स्तंभांची वाट मोकळी झाली.

सिंधू लिपीत असा शिरकाव अजून झालेला नाही. बहुतेक लेख जेमतेम पाचेक चिन्हांचे, भाषा अज्ञात, द्वैभाषिक लेख एकही नाही. ती उलगडल्याचे दावे मात्र अधूनमधून होतच असतात. असा दावा हाती आला, तर त्याच नियमांनी न पाहिलेली दुसरी मुद्रा वाचून दाखवा म्हणावे. पुढची पाने त्यानंतर उलटावीत.