१८ वर्षांचा पोरगा 'एल्डर' होतो आणि २ वर्षं घर सोडतो, मॉर्मन मिशनरींचं रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर 'मिशन कॉल' असं शोधून बघा. समोर येणारे व्हिडिओ जवळपास सारखेच असतात. अमेरिकेतल्या एखाद्या घराचा हॉल, सोफ्यावर आजी-आजोबा, खाली जमिनीवर भावंडं, मागे मित्रमंडळी आणि मध्ये लॅपटॉप घेऊन बसलेला १८ वर्षांचा पोरगा. तो पत्र मोठ्याने वाचायला लागतो. देशाचं नाव आलं की सगळे घर डोक्यावर घेतात. कुणी ब्राझीलला चाललेला असतो, कुणी जपानला, तर कुणाच्या नशिबी शेजारचंच राज्य येतं.

विशेष म्हणजे हा देश त्याने निवडलेला नसतो. अर्ज भरायचा आणि वाट बघायची. कुठे जायचं ते सॉल्ट लेक सिटीतून ठरतं. पूर्वी मोठा पांढरा लिफाफा पोस्टाने यायचा. २०१८ पासून हे पत्र ऑनलाइन यायला लागलं, पण ते सगळ्यांसमोर उघडायची पद्धत तशीच राहिली.

आधी थोडी ओळख. ज्यांना जग मॉर्मन म्हणतं, त्यांच्या चर्चचं खरं नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात ते सुरू केलं. आज मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. मॉर्मन हे टोपणनाव वापरू नका, असं चर्च २०१८ पासून आग्रहाने सांगतंय. लोकांच्या तोंडी मात्र तेच बसलंय.

मुलांसाठी मिशन २ वर्षांचं आणि ते कर्तव्य मानलं जातं. मुलींसाठी १८ महिन्यांचं आणि ऐच्छिक. २०१२ मध्ये चर्चने वयाची अट खाली आणली. मुलांसाठी १९ वरून १८, मुलींसाठी २१ वरून १९. त्याआधी जगभरात साधारण ५८ हजार मिशनरी होते. २०१३ संपता संपता हा आकडा ८३ हजारांवर गेला. मुलींची संख्या तर झपाट्याने वाढली, कारण २१ व्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणजे मध्ये कॉलेज, नोकरी, लग्न असं काहीतरी आडवं येतच असे. आता मुलांसारखंच त्यांनाही शाळा संपल्यावर लवकर निघता येऊ लागलं.

पगार? एक डॉलरही नाही. उलट खर्च स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खिशातून. अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी २०२० मध्ये ही रक्कम महिन्याला ४०० वरून ५०० डॉलर झाली. हे पैसे एकत्र जमा होतात आणि तिथून सगळ्यांना खर्चाला मिळतात. त्यामुळे पोरगा महागड्या टोकियोला गेला काय किंवा ग्वाटेमालाला गेला काय, घरच्यांना भार सारखाच.

निघण्यापूर्वी प्रशिक्षण. सगळ्यात मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो गावात आहे आणि तिथे ५० हून जास्त भाषा शिकवतात. स्पॅनिश असेल तर साधारण ६ आठवडे, जपानी किंवा कोरियन असेल तर ९ आठवडे. तेवढ्या शिदोरीवर पोरगा परक्या देशात उतरतो आणि धर्मासारखा विषय समजावून सांगायला लागतो. सुरुवातीचे काही महिने काय बोलाचाली होत असेल, याची कल्पना केलेली बरी.

तिथे पोहोचल्यावर पहिली गोष्ट जाते ती स्वतःचं नाव. खिशावरच्या काळ्या पाटीवर फक्त 'एल्डर' आणि आडनाव. मुलगी असेल तर 'सिस्टर' आणि आडनाव. एल्डर म्हणजे ज्येष्ठ. नुकतीच मिसरूड फुटलेल्या पोराला सगळे ज्येष्ठ म्हणून हाक मारतात.

दिवस सुरू होतो सकाळी साडेसहाला. अर्धा तास व्यायाम, मग अंघोळ, नाश्ता. त्यानंतर धर्मग्रंथांचा अभ्यास, आधी एकट्याने आणि मग जोडीदारासोबत. नवी भाषा असेल तर तिचा वेगळा तास. दहाच्या सुमारास घराबाहेर पडायचं आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत परत यायचं. साडेदहाला दिवे बंद. २०१७ पासून देशानुसार वेळा थोड्या मागेपुढे करायची सूट मिळाली, पण साचा हाच.

या वेळापत्रकापेक्षाही कठीण नियम जोडीदाराचा आहे. प्रत्येक मिशनरीला एक 'कम्पॅनियन' दिला जातो. एकमेकांच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं, २४ तास. झोपायची खोली एकच, पलंग वेगळे. सुटका फक्त बाथरूममध्ये. हा जोडीदार निवडायची मुभा नाही आणि पटत नाही म्हणून सोडायचीही नाही. साधारण दर ६ आठवड्यांनी बदल्यांचा दिवस येतो. कोण कुठे आणि कुणासोबत जाणार हे त्या भागाचा प्रमुख, म्हणजे मिशन प्रेसिडेंट ठरवतो. कधी जोडीदार दुसऱ्याच देशाचा निघतो आणि त्याच्याशी बोलायची भाषासुद्धा शिकावी लागते. सुरक्षितता, शिस्त, मोहापासून लांब राहणं ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण १९ वर्षांच्या पोराला २ वर्षांत एक संध्याकाळही एकट्याने चालायला न मिळणं ही लहान गोष्ट नाही.

बाकीच्या नियमांची यादी लांबलचक आहे. डेटिंग नाही, सिनेमा नाही, टीव्ही नाही, गाणी ठरावीकच. पोहायला मनाई, त्यामुळे ताहितीसारख्या बेटावर पाठवणी झाली तरी समुद्र लांबूनच बघायचा. दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा तर मॉर्मन लोकांना एरवीही वर्ज्य. जपानमध्ये कुणी प्रेमाने ग्रीन टी पुढे केला तरी नाही म्हणावं लागतं. दक्षिण अमेरिकेत येर्बा माते नावाचं पेय घरोघरी पितात, ते मात्र चालतं.

मग दिवसभर करायचं काय? दारं ठोठावायची, रस्त्यात लोकांना थांबवायचं, ठरलेल्या घरी जाऊन शिकवायचं, कुणाला सामान हलवायला मदत करायची, कुठे मोफत इंग्रजीचे वर्ग घ्यायचे. आता त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामची भर पडली आहे. २०२० मध्ये कोरोनामुळे हजारो मिशनरींना घाईघाईने मायदेशी परत आणावं लागलं. जे राहिले त्यांचं काम खोलीतून फोनवर सुरू झालं. तेव्हापासून दारापेक्षा मेसेजवर नकार ऐकायचं प्रमाण वाढलं.

नकार हाच या कामाचा मोठा भाग आहे. चर्चच्या आकडेवारीनुसार २०२४ अखेर ७४ हजारांवर मिशनरी होते आणि त्या वर्षी नव्याने चर्चमध्ये आलेले सुमारे ३ लाख ८ हजार. म्हणजे एका मिशनरीमागे वर्षाला सरासरी ४ माणसं. त्यातही आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत आकडे वर जातात. युरोपात गेलेला पोरगा महिनोन्महिने रिकाम्या हाताने परततो.

२०१२ मध्ये ओबामांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले मिट रॉम्नी यांचं उदाहरण घ्या. वडील मिशिगनचे गव्हर्नर, घरी कशाची कमी नाही. १९६६ मध्ये ते मिशनरी म्हणून फ्रान्सला गेले. परभाषेच्या देशात तेव्हा मिशन अडीच वर्षांचं असायचं. वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या बोर्दोसारख्या शहरात जाऊन दारू सोडा असं सांगायचं, तेही व्हिएतनाम युद्धामुळे अमेरिकन माणसावर लोक खार खाऊन असताना. दारं धाडधाड बंद व्हायची. जून १९६८ मध्ये ते चालवत असलेल्या गाडीला समोरून येणाऱ्या गाडीने धडक दिली. मिशन प्रेसिडेंटच्या पत्नी जागीच गेल्या. २१ वर्षांचे रॉम्नी तर मेलेच असं पोलिसांना आधी वाटलं होतं. ते वाचले, बरे झाले आणि घरी न जाता पुन्हा कामाला लागले.

धोका आजही टळलेला नाही. मार्च २०१६ मध्ये ब्रसेल्स विमानतळावर बॉम्बस्फोट झाले, त्यात जखमी झालेल्यांमध्ये मॉर्मन मिशनरी होते. त्याच वर्षी रशियाने धर्मप्रचारावर कडक निर्बंध आणले. तिथे मिशनरींना 'स्वयंसेवक' म्हणून राहावं लागलं.

आकड्यांचा दबाव हाही जुना विषय. किती लोकांना भेटलो, किती जणांना शिकवलं, याचा हिशेब दर आठवड्याला वर जातो. १९६० च्या आसपास ब्रिटनमध्ये याचा अतिरेक झाला. बेसबॉल संघात घेतो म्हणून पोरांना गोळा करायचं आणि भराभर बाप्तिस्मा द्यायचा, असे प्रकार घडले. त्यातली बरीच मुलं पुन्हा चर्चकडे फिरकलीच नाहीत. 'बेसबॉल बाप्तिस्मा' हा शब्द इतिहासात राहिला तो तिथूनच.

आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, थोडा मोकळा. कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं आणि घरी बोलणं त्याच दिवशी. आज हे सोपं वाटतं, पण फेब्रुवारी २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच व्हायचा, नाताळला आणि मदर्स डेला. बाकी पत्रं आणि ईमेल. नंतर दर आठवड्याला व्हिडिओ कॉलची परवानगी मिळाली. घरच्या आठवणीने काम सुचेनासं झालेल्याला मिशनरी 'ट्रंकी' म्हणतात, म्हणजे ज्याचं मन आधीच ट्रंकेत जाऊन बसलंय असा. गावाकडच्या मैत्रिणीने दुसरं कुणीतरी शोधल्याचं पत्र येणं हाही ठरलेला प्रसंग, त्याला 'डिअर जॉन' म्हणतात.

भारताशीही यांचा संबंध जुना आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात गेला. छावणीतल्या लोकांमध्ये त्याने प्रचार केला, मूठभर अनुयायी मिळाले, पण काही वर्षांतच हे काम थंडावलं. आजच्या काळातलं मिशन १९९३ मध्ये बंगळुरूत सुरू झालं आणि भारतातलं पहिलं मंदिर तिथेच बांधायची घोषणा २०१८ मध्ये झाली. पाहुण्याला आधी चहा विचारणाऱ्या देशात चहा न पिणाऱ्या पोरांना काय काय सांगावं लागत असेल!

सगळेच २ वर्षं पूर्ण करतात असं नाही. कुणी आजारी पडतो, कुणाला नैराश्य गाठतं, कुणाचा विश्वासच डळमळतो. पूर्ण करून आलेल्यासाठी विमानतळावर फलक, फुगे, नातेवाईक असा थाट असतो. मध्येच परतणाऱ्याला मात्र काय झालं, का आलास, हे प्रश्न कित्येक महिने पुरतात, मग कारण दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलं असलं तरी. मिशन करून आलेल्यालाच मान, असं समीकरण ज्या गावात आहे तिथे हा शिक्का लवकर पुसत नाही. अलीकडे चर्चने अशा मुलांसाठी घरी राहून करायच्या सेवा-मिशनचा पर्याय पुढे आणला आहे. त्यात अन्नछत्र, वस्तू वाटप केंद्र, रुग्णालय अशा ठिकाणी काम करता येतं. तिथेही खिशावर काळी पाटी असते, पण जोडीदाराची सक्ती नसते आणि रात्री झोपायला स्वतःची खोली मिळते.