माहीमचा पूल आणि अर्धवट कामाचें माप

माहीमहून वांद्र्यास जातांना आपण खाडी ओलांडीत आहों याची जाणीव आतां क्वचितच होते. पूर्वीं ती लोक होडीनें ओलांडीत. पुलास पैसा देण्याचें सरकारनें नाकारलें, तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनीं १,००,००० रुपये दिले. १८४३ सालीं काम सुरू झालें. तें अर्ध्यावर असतांच रक्कम सरली; बाईंनीं आणखी ५७,००० दिले आणि १८४५ सालीं रस्ता खुला झाला. या दातृत्वाची कथा सर्वश्रुत आहे. आम्हांस येथें चुकलेला अंदाज पाहावयाचा आहे.

चूक लहान नव्हती. पण पैसा सरला त्या दिवशीं किती भराव पडला व किती पाणी उरलें, हें काठावरच्या कोणासही दिसत होतें. संगणकाच्या आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, रचणारांस ही सोयच नाहीं. आय. बी. एम. कंपनीच्या ओएस ३६० या प्रचंड आज्ञावलीचें काम फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं चालविलें. तें लांबलें, आणि त्या अनुभवावर त्यांनीं १९७५ सालीं पुस्तक लिहिलें. माणसें गुणिले महिने हें माप, त्यांच्या मतें, जेथें कामकऱ्यांस एकमेकांशीं बोलावें लागत नाहीं तेथेंच लागू पडतें. माती वाहणाऱ्या पाटीवाल्यांचें काम तसें आहे. रचनेच्या कामांत नव्या माणसास सर्व समजावून द्यावें लागतें, आणि समजावणारे जुनेच. म्हणून रखडलेल्या कामावर माणसें वाढविलीं कीं तें अधिकच रखडतें. आवाबाईंच्या दुसऱ्या देणगीनें पूल झाला. तसल्या देणगीनें आज्ञावली होईलच असें नाहीं!

ब्रुक्स यांनीं वेळेचा अर्धा भाग तपासणीस राखला, आणि प्रत्यक्ष लेखनास अवघा एक षष्ठांश. आमच्या मतें पुस्तकांतील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच. “बहुतेक झालें” म्हणणारा खोटें बोलत नसतो. उरलेल्या चुका त्यास दिसत नसतात, इतकेंच. तेव्हां अमुक भाग तपासणींत उतरला कीं नाहीं, एवढेंच त्यास विचारावें.

अर्थात् आराखडाच बदलत राहिला तर दगडाचें कामही असेंच फसवितें. माहीमच्याच उपसागरावरील वांद्रें-वरळी सागरी सेतूचें काम २००० सालीं सुरू झालें. तें २००४ पर्यंत सुमारें ६६० कोटी रुपयांत व्हावयाचें होतें. मध्यंतरीं वरळीकडील मार्ग समुद्रांत आणखी आंत सरकला व तेथें तारांवर तोललेला आणखी एक पूल आला. शिवाय कोर्टकज्जे झाले. खर्च १,६०० कोटींच्या घरांत गेला. ३० जून २००९ रोजीं आठांपैकीं चार मार्गिका खुल्या झाल्या. उरलेल्या चार मार्च २०१० मध्यें.