रायगडावरची वीस कलमे

हेन्री ऑक्झिंडेन आपल्याला ठाऊक आहे तो शिवराज्याभिषेकाचा साक्षीदार म्हणून. पण १६७४ च्या मे महिन्यात तो मुंबईहून निघाला, तेव्हा त्याच्याजवळ वीस कलमांचा मसुदा होता. शिवाजी महाराजांच्या मुलखात ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची रीतसर परवानगी मिळवायची, हे त्याचे मुख्य काम होते. परक्या बाजारात शिरणारा व्यापारी तिथल्या दफ्तराला बहुतेकदा नुसता अडथळा समजतो. रायगडावरच्या त्या वाटाघाटी बारकाईने पाहिल्या, तर मात्र वेगळेच दिसते. प्रत्येक कलम तपासून घेणारे दफ्तर राज्याचे रक्षण करतेच, शिवाय व्यापाऱ्यालाही आपली हद्द कुठवर आहे ते आधीच कळते.

कंपनीची पाटी कोरी नव्हती. १६६० मध्ये राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी आदिलशाही सरदार सिद्दी जौहरच्या बाजूने महाराज असलेल्या पन्हाळ्यावर तोफा डागल्या होत्या. त्याचे फळ म्हणून पुढच्याच वर्षी महाराजांच्या फौजेने ती वखार लुटली आणि तिथल्या इंग्रजांना कैद केले. आता त्याच वखारीची भरपाई मागायची होती आणि राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण या ठिकाणी वखारी घालण्याची मुभाही हवी होती. ऑक्झिंडेन पाचाडला पोचला तेव्हा महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेले होते, त्यामुळे वकिलाला गडाखालीच थांबावे लागले. हा काळ वाया गेला नाही. महाराजांचे अधिकारी निराजीपंत यांच्याशी बोलणी झाली आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह करण्याचा विषय महाराजांपुढे ताणू नका, असा सल्ला त्यांनी दिला. दुभाषी नारायण शेणवी बरोबर होताच. कोणाची भेट आधी घ्यायची आणि कोणता शब्द कुठे टाकायचा, हे जाणणाऱ्या अशा माणसांवाचून तो मसुदा पुढे सरकला नसता. महाराजांनी भेटीत निर्धास्त व्यापार करा असे आश्वासन दिले, पण कलमांची छाननी पेशवे मोरोपंतांकडे सोपवली.

या छाननीत दोन कलमे अडली. कंपनीचे नाणे राज्यात चालावे, हे त्यातले एक. त्यावर उत्तर आले की कोणत्याही नाण्याला इथे मनाई नाही, मात्र तोट्यात जाईल असे नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. नाणे कसाला उतरले तर लोक ते आपणहून घेतील. दुसरे कलम वादळात किनाऱ्याला लागलेली जहाजे आणि त्यांवरचा माल परत मिळण्याविषयी होते. असा माल परत न देण्याची कोकणची जुनी वहिवाट होती, आणि इंग्रजांना सवलत दिली की फ्रेंच, डच आणि इतरही तीच मागणार, अशी महाराजांची हरकत होती. एका व्यापाऱ्याला दिलेल्या सवलतीचा पायंडा पडतो, हे ओळखणारा हा कारभार होता. याउलट जकात शेकडा अडीच ठरली. राजापूरची भरपाई दहा हजार होनांची ठरली, आणि तीही रोख देण्याऐवजी काही अर्ध्या किमतीत दिलेल्या मालातून, तर काही जकातीच्या माफीतून फेडायची होती. भरपाई हवी तर व्यापार चालू ठेवणे कंपनीला भाग पडावे, अशी ही रचना होती.

यावर एक आक्षेप असा की कामे नजराण्यांनी झाली. अधिकाऱ्यांना भेटी द्याव्या लागल्या, मग नियमांची थोरवी कसली? भेटी दिल्या गेल्या, हे खरेच. त्या काळी सुरतेपासून आग्र्यापर्यंत दरबारी रिवाजच तसा होता, आणि त्यामुळे लहान व्यापाऱ्याला दार बंद राहत असणार, हेही मान्य करावे लागते. तरीही नजराणे देऊन ती दोन कलमे पदरात पडली नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भरपाईची वसुली पुढे वर्षानुवर्षे रेंगाळली, म्हणजे करार कागदावरच राहिला. पण मागणी कशाच्या आधारे करायची, हे कंपनीला त्या कागदामुळेच ठाऊक होते. तहाने बाजाराचे दार उघडले, तरी प्रत्येक बंदरावर सुभेदाराशी आणि जकातदाराशी पुन्हा जुळवून घ्यावेच लागणार होते.

हद्द मोघम ठेवल्यास काय होते, ते बंगालमध्ये दिसले. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने फर्मान देऊन वर्षाला फक्त तीन हजार रुपयांच्या बदल्यात तिथे कंपनीची जकात माफ केली. पुढे कंपनीचे नोकर त्याच सवलतीच्या दस्तकांवर, म्हणजे परवान्यांवर, स्वतःचा खाजगी माल फिरवू लागले. नवाबाचा महसूल बुडू लागला, देशी व्यापारी मागे पडले, आणि १७५७ मध्ये प्लासीपर्यंत गेलेल्या तंट्यातले एक मोठे कारण हेच होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने हा धोका आधीच हेरला होता. इतर सावकारांना उत्तेजन द्यावे, पण टोपीकरांच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांच्या, पाठीशी त्यांचे राजे आहेत हे विसरू नये. त्यांना वखारीसाठी जागा द्यायची ती समुद्रापासून आणि खाडीच्या मुखापासून दूर, सखल ठिकाणी, आणि तिथे बळकट इमारत बांधू देऊ नये, असे ते बजावते. व्यापाराचे स्वागत आणि व्यापाऱ्यावर नजर, दोन्ही एकाच कारभारात नांदू शकतात, हे रायगडाने दाखवून दिले होते. परक्या बाजारात जाणाऱ्याने म्हणूनच सरसकट सवलतीपेक्षा नेमके कलम मागावे, आणि परवानगी देणाऱ्या राज्याने ते वाचल्याशिवाय शिक्का उमटवू नये.