मिरजेपर्यंत जाते का?

विजेवरची मोटार घ्यायचं आमच्या घरात गेल्या दिवाळीपासून चाललं आहे. चाललं आहे म्हणजे, बायको आणि पुतण्या एका बाजूला आणि मी एका बाजूला. माझा प्रश्न एकच : एका चार्जिंगमध्ये मिरजेपर्यंत जाते का? मिरजेला माझी थोरली बहीण असते.

"काका, जाहिरातीतले तीनशे विसरा. हमरस्त्यावर एसी लावून दोनशे धरा," पुतण्या म्हणाला.

कोथरूडहून मिरज दोनशेच्या बरीच पुढे. म्हणजे अक्काच्या चहाचा वास यायला लागावा आणि गाडीने बसकण मारावी!

"वाटेत चार्जिंग करता येतं हो."

"आणि अक्का अत्यवस्थ असली तर?"

हिने वाद घातला नाही. महिनाभर मुकाट्याने आमच्या पेट्रोलगाडीचे किलोमीटर दुधाच्या वहीत टिपले. रोजची सरासरी नऊ! त्यातही हडपसरचं एक लग्न धरून.

हार मानायची सवय नसल्यामुळे मी इतिहासाला शरण गेलो. पण इतिहास फितूर निघाला. १९०० च्या सुमारास म्हणे अमेरिकेतल्या मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेच्या होत्या. पेट्रोलगाड्या विकून गबर झालेल्या हेन्री फोर्डची बायको क्लारा स्वतः १९१४ सालची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची. नवऱ्याच्या कारखान्याची गाडी दारात असताना! (आमच्या हिला हे सांगायला नको होतं.) क्लाराबाईंची गाडी एका दमात ऐंशी मैल जायची, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर. गावातल्या गावात फिरायला उदंड झालं. २००१ साली बंगळूरला निघालेली आपली 'रेवा'सुद्धा ऐंशी किलोमीटरवरच थकायची.

मग ती विजेची गाडी मागे का पडली? फोर्डची गाडी स्वस्त, हे आलंच. पण लोकांना गावाबाहेर जायचं होतं. निदान जाता येईल, असं वाटायला हवं होतं. खेड्यात वीज नव्हती, पेट्रोलचा डबा मात्र मिळायचा. पेट्रोलगाडीची खोड एकच, हँडल मारताना मनगट मोडायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगसाहेबांनी सेल्फ-स्टार्टर बसवला आणि तीही भानगड मिटली. तो स्टार्टर चालायचा कशावर? बॅटरीवर! घरभेदीपणा म्हणतात तो हाच.

"बघ, लोकांना लांब जायचं होतं," मी विजयी मुद्रेने म्हणालो.

हिने वही मिटली. "अक्कांना दवाखान्यात ठेवलं, त्या रात्री तुम्ही कशाने गेला होतात?"

मी गप्प. १९९४ सालच्या त्या रात्री आमच्या गाडीत टाकीभर पेट्रोल होतं आणि बॅटरी उतरली होती. अर्ध्या आळीने गाडी ढकलून पाहिली. शेवटी स्वारगेटला जाऊन एस. टी. पकडली. रात्रभर उभ्याने गेलो. सकाळी अक्काने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि क्षीण आवाजात पहिलं वाक्य बोलली,

"गाडी सावलीत लावलीस ना रे?"