एक पेनी आणि एक प्रश्न

आज आम्ही तुम्हाला तीनशे वर्षं मागे नेणार आहोत, आणि तेही पार इंग्लंडात. गोष्ट तिथल्या चर्चची आहे. चर्च म्हणजे नुसती इमारत नव्हे, तर ख्रिस्ती माणसांची मंडळी. ही मंडळी थंडावली होती, ती पुन्हा कशी जागी झाली हे आज सांगायचं आहे. बचत गटातल्या बायांना गोष्ट ओळखीची वाटेल, कारण तिच्यात आठवड्याची वर्गणीसुद्धा आहे.

तेव्हा इंग्लंडात चर्च सरकारमान्य होतं. गावोगावी देऊळ असावं तशी चर्चची इमारत होती, आणि शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा तिकडे जायचा. पण कितीतरी धर्मगुरूंकडे दोन-दोन, तीन-तीन गावं असायची आणि ते राहायचे भलतीकडेच. कोळशाच्या खाणींभोवती नव्या वस्त्या उठल्या होत्या, तिथे तर कुणी फिरकतच नसे. शहरांत स्वस्त दारूने घरं बुडत होती. रविवारी घंटा वाजायची, लोक येऊन बसायचे, उठून जायचे. मनात ओढ उरली नव्हती.

अशा काळात एपवर्थ नावाच्या गावात सुझाना वेस्ली नावाची बाई राहत होती. नवरा सॅम्युएल तिथला धर्मगुरू. सुझानाला एकोणीस बाळंतपणं झाली, त्यातली बरीच मुलं लहानपणीच गेली. डोक्यावर कर्ज, घर एकदा आगीत जळालेलं. तरी तिचा एक नेम होता. आठवड्यात प्रत्येक मुलाची एक संध्याकाळ ठरलेली. त्या वेळी ती त्या एकाच लेकराजवळ बसायची आणि मनातलं विचारायची. जॉनचा वार गुरुवार. हा जॉन मोठा झाला, शिकून धर्मगुरू झाला, तरी आईला पत्र लिहून तो गुरुवारचा वेळ पुन्हा मागत होता.

१७११-१२ च्या हिवाळ्यात सॅम्युएल कामासाठी लंडनला गेले होते. रविवारी संध्याकाळी सुझाना स्वयंपाकघरात मुलांना आणि गड्यामाणसांना बसवून प्रार्थना म्हणायची, छापील प्रवचन वाचून दाखवायची. शेजारणी येऊ लागल्या, मग त्यांचे नवरे. बघता बघता दोनशे माणसं जमू लागली. बदली धर्मगुरूला ते खुपलं, त्याने तक्रार केली. बाईमाणसाने असं करणं बरं दिसत नाही, बंद कर, असं नवऱ्याचं पत्र आलं. सुझानाने उलट कळवलं की नुसती इच्छा सांगू नका, स्पष्ट हुकूम द्या, म्हणजे उद्या देवापुढे उभं राहिल्यावर या लोकांना का परत पाठवलं याचा जाब मला द्यावा लागणार नाही. मग सॅम्युएल यांनी विषय ताणला नाही.

हाच जॉन वेस्ली २ एप्रिल १७३९ रोजी ब्रिस्टल शहराबाहेर उघड्यावर उभा राहून बोलू लागला. जवळच किंग्जवूडच्या खाणी होत्या. कोळशाने काळवंडलेले मजूर, मोलकरणी, विणकर हजारोंनी यायचे, ऐकताना रडायचे. पण मैत्रिणींनो, सभेतलं रडणं घरी जाईपर्यंत सुकतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. कीर्तन संपतं, सकाळी पुन्हा तेच कर्ज, तीच दारू, तेच भांडण. पेटलेली ओढ टिकवायची कशी, हा जॉनपुढचा प्रश्न होता.

उत्तर सापडलं ते पैशाच्या हिशेबातून. ब्रिस्टलमध्ये या लोकांनी सभेसाठी घर बांधलं होतं, त्याचं कर्ज फिटत नव्हतं. १५ फेब्रुवारी १७४२ ला बैठक झाली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी असं ठरत होतं. एका पौंडात तेव्हा २४० पेनी असत, म्हणजे रक्कम लहानच. तरी एकाने म्हटलं की काहींना तेवढीही जमणार नाही. तेव्हा फॉय नावाचे कप्तान म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलं तर ठीक, नाहीतर त्यांची पेनी मी भरीन. इतरांनीही तसेच अकरा-अकरा जण वाटून घेतले.

मग गटप्रमुख दर आठवड्याला दारोदार जाऊ लागले, पेनी मागायला. दारात उभं राहिलं की घर दिसतं. एकाने दारू पुन्हा धरलेली, दुसरीकडे नवरा-बायकोत अबोला, तिसरी आजारी. प्रमुख येऊन हे सांगू लागले, तेव्हा जॉनच्या ध्यानात आलं की आपल्याला जे हवं होतं ते हेच. पण घरोघर फिरायला वेळ फार जायचा, आणि नोकरमाणसांना मालकाच्या घरी कुणी भेटायला आलेलं मालकाला चालायचं नाही. म्हणून आठवड्यातून एकदा सगळे एकत्र बसू लागले. आधी वर्गणी, मग प्रमुख एकेकाला विचारायचा की या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललंय? सुझानाचा गुरुवार आता मोलकरणीच्याही वाट्याला आला होता.

या गटांत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि गटप्रमुखही होत्या. सेरा क्रॉस्बी १७६१ मध्ये डर्बी शहरात गटाची बैठक घ्यायला गेल्या. तीसेक जण येतील असं वाटलं होतं, आले दोनशेच्या आसपास. एकेकीला विचारणं शक्य नव्हतं, म्हणून त्या सगळ्यांपुढे उभ्या राहून बोलल्या आणि मग जॉनला कळवलं. तुमचं काही चुकलं नाही, असं उत्तर आलं. १७९१ मध्ये जॉन वारले, तेव्हा ब्रिटन आणि आयर्लंडात मिळून या मेथडिस्ट मंडळीत ७० हजारांहून जास्त लोक होते.

पुढचंही सांगायला हवं. १८०३ मध्ये याच मंडळीच्या पुढाऱ्यांनी ठरवलं की बायकांनी शक्यतो उपदेश करू नये, केलाच तर परवानगी काढून आणि फक्त बायकांपुढे. ज्या चळवळीचं मूळ एका बाईच्या स्वयंपाकघरात होतं, तिने बायकांना मागे बसवलं. त्यातल्या काही स्वस्थ बसल्या नाहीत. १८१५ मध्ये निघालेल्या बायबल ख्रिश्चन नावाच्या मंडळीत त्या उपदेशक म्हणून गावोगाव फिरल्या. आणि एकोणिसाव्या शतकात ते छोटे गटही हळूहळू ओसरले. वर्गणी भरली जायची, सभासदाचं तिकीट मिळायचं, पण विचारपूस ठरावीक झाली, माणसं येईनाशी झाली. पुन्हा तोच थंडपणा. ही मंडळी आपल्याकडेही पोचली. १८७१ मध्ये विल्यम टेलर नावाचे मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आले, तेव्हा त्यांनीही घराघरांत लहान गट बसवले होते.

आम्ही ही गोष्ट निवडली ती केवळ आपल्या ख्रिस्ती मैत्रिणींसाठी नाही. भजनी मंडळ असो, मशिदीजवळचा बायकांचा गट असो, बुद्धविहारातली वंदना असो की आपला बचत गट, संख्या घटली की आपण म्हणतो, लोकांची श्रद्धाच गेली. मग मोठा मांडव घालतो, मोठा वक्ता आणतो. ब्रिस्टलच्या मजुरांना मांडव बांधून ठेवू शकला नाही. दर आठवड्याला कुणीतरी आपल्याला नावाने विचारणार आहे, या भरवशाने त्यांना बांधून ठेवलं.

आपल्या गटात हप्ता दहा मिनिटांत गोळा होतो, सह्या होतात, उठतो. तीन बैठका न आलेल्या सखूचा दंड वहीत लिहिला जातो, पण तिच्या दारात कोण जातं? पुढच्या बैठकीत वही मिटल्यावर लगेच उठू नका. अर्धा तास बसा आणि एकेकीला विचारा, बाई, तुझं कसं चाललंय? आणि जी आलेली नाही, तिच्या घरी दोघी जणी त्याच दिवशी जाऊन या.